एक प्रश्न जास्तीचा

"परीक्षकांना पाच प्रश्न पाठवलेत," गाइड म्हणाले. "तेच तुलाही पाठवतोय. उत्तरं तोंडपाठ कर. सहावा येणार नाही."

"पण सर, त्यांनी प्रबंध वाचला असला तर?" उमेदवाराने भीत भीत विचारलं.

गाइड त्याच्याकडे बघतच राहिले. "आठ वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, आणि अजून असले विचार येतात डोक्यात?"

यांत्रिकी विभागातली ही जुनी पद्धत होती. पीएचडीच्या व्हायवाला बाहेरचे परीक्षक लांबून, दमूनभागून येणार. त्यांना प्रश्नही शोधायला लावायचे म्हणजे पाहुण्याला स्वतःचा चहा करून घ्यायला सांगण्यासारखंच. म्हणून प्रश्न गाइड पाठवत आणि परीक्षक ते चष्मा पुसत, आत्ताच सुचल्यासारखे विचारत. पुढच्या महिन्यात हेच गाइड परीक्षक होऊन तिकडे जात, तेव्हा प्रश्न तिकडून येत. सगळा घरचा मामला.

उमेदवाराला मात्र पाच उत्तरं पाठ करूनही धीर येत नव्हता. एका कॉलेजात तो हंगामी प्राध्यापक होता आणि या महिन्यात पीएचडी झाली तर कायम, नाहीतर नमस्कार, असं कॉलेजने त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्यात मागच्या वर्षी एकाचा व्हायवा 'श्रोत्यांनी चर्चा केली नाही' म्हणून पुन्हा घ्यावा लागला होता. श्रोतेच नव्हते तर चर्चा कोण करणार, हे विचारायची तिथे सोय नव्हती. उगाच धोका नको म्हणून त्याने पाच मित्र जमवले आणि प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून दिला. उत्तरं पाचच पाठ होती, त्यामुळे प्रश्नही तेच पाच.

"परीक्षकांनी विचारून जे उरतील तेवढेच विचारा," असं त्याने दहादा बजावलं.

ऐन वेळी एक मित्र गळाला. तेव्हा त्याच्या वाट्याचा प्रश्न सासूबाईंकडे गेला. लेकीला रजा मिळाली नव्हती, म्हणून तिच्या वतीने त्या जावयाचं कौतुक बघायला आल्या होत्या.

सादरीकरण छान झालं. यंत्राच्या खाली रबराची एक खास बैठक बसवली की त्याची कंपनं निम्म्याने कमी होतात, असा उमेदवाराचा शोध होता. पडद्यावर 'धन्यवाद' आणि गुलाबाचं फूल आलं, आणि तेवढ्यात परीक्षकांचा फोन वाजला.

"दोनच मिनिटं हं," म्हणत ते बाहेर व्हरांड्यात गेले.

अशी दोन मिनिटं किती लांबतात हे विभागप्रमुखांना माहीत होतं, आणि त्यांना पुढे दुसरी मीटिंग होती. "वेळ कशाला घालवायचा? तोवर श्रोत्यांचे प्रश्न घेऊन टाकू," ते म्हणाले.

मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं. परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणजे सगळेच उरले होते. आज्ञेप्रमाणे एकेक जण उभा राहिला आणि बसला. उमेदवार खुणा करून थकला, पण खुणांचा अर्थ 'लवकर विचारा' असा लावून मित्रांनी उलट घाईच केली. शेवटी सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "गणितामध्ये आपण अरेषीय घटक का वगळलेत?" मग जरा पुढे वाकून, "बरोबर आलं ना हो जावईबापू? सकाळपासून घोकतेय."

विभागप्रमुखांनी 'श्रोत्यांचा उत्स्फूर्त सहभाग' असा शेरा लिहिला.

परीक्षक परत आले. बसले, चष्मा पुसला, मोबाइलमध्ये हळूच डोकावले. "एक मूलभूत शंका आहे माझी. बैठकीसाठी रबरच का निवडलंत?"

"सर, तो झाला प्रश्न," विभागप्रमुख म्हणाले.

"असं? बरं. तापमान वाढल्यावर काय होतं?"

"तोही झाला, सर."

"मग हे अरेषीय घटक—"

"तो माझा होता!" मागून सासूबाई म्हणाल्या.

परीक्षकांनी गाइडकडे पाहिलं. एकच माल दोन गिऱ्हाइकांना विकणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं पाहिलं. गाइड छताकडे बघत होते.

अहवालात परीक्षकांचा निदान एक तरी प्रश्न लागतो. तेव्हा नाइलाजाने त्यांनी कित्येक वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्यांनी प्रबंध उघडला. कोऱ्या करकरीत पानांमध्ये यंत्राचा एक रंगीत फोटो होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"या बैठकीवर यंत्र सुरू केलं की कंपनं निम्मी होतात, असं तुमचं म्हणणं."

"हो सर."

"सुरू केलं होतं?"

उमेदवाराच्या आठ वर्षांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

"सर, आकडे सगळे संगणकावर..."

"ते कळलं. यंत्र सुरू केलं होतं का?"

"सर, हे जरा प्रबंधाच्या कक्षेबाहेर जातंय," गाइड मध्ये पडले. पण परीक्षकांचे प्रश्न पळवले गेले होते आणि ते आता चांगलेच पेटले होते. "चला, बघूच या. लॅब कुठेय?"

"लॅबमध्ये फार धूळ आहे सर," विभागप्रमुख घाईघाईने म्हणाले. "आणि चहा गार होतोय."

परीक्षक तोवर दारात पोचले होते, आणि मागोमाग सगळा हॉल.

लॅबच्या कोपऱ्यात यंत्रावर जुना टेबलक्लॉथ होता, त्यावर दोन हेल्मेटं आणि कुणाची तरी छत्री. ते सगळं उचललं. खाली रबराची बैठक होती, दांडा होता, चाक होतं. जिथे मोटर असायला हवी तिथे नटबोल्टची चार भोकं होती.

"मोटर?" परीक्षकांनी विचारलं.

गाइडनी उमेदवाराकडे पाहिलं. उमेदवाराने विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले.

मोटर विभागप्रमुखांच्या बंगल्यावर होती. तीन वर्षांपूर्वी 'दोन दिवस लागतेय' म्हणून ती गेली, आणि तेव्हापासून त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवत होती. विभागात हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. उमेदवाराला तर जरा जास्तच ठाऊक होतं, कारण ती स्कूटरवरून नेऊन बसवली त्यानेच. आता खरं सांगावं तर विभागप्रमुख सही करणार नाहीत, न सांगावं तर परीक्षक करणार नाहीत. कायमची नोकरी डोळ्यांदेखत निसटत होती. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"अहो, सांगून टाका की," सासूबाईंना राहवेना. "चोरीला गेली का? पोलिसांत कळवलंत?"

"चोरी कसली हो बाई!" विभागप्रमुख गर्रकन वळले. "भलतंच काय बोलता! मोटर... मोटर चाचणीसाठी बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?" परीक्षक.

"प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी. म्हणजे... निवासी परिस्थितीत."

आठ वर्षांत पहिल्यांदाच उमेदवाराला संशोधन म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. "दीर्घकालीन चाचणी आहे, सर," तो म्हणाला. "तीन वर्षं. रोज, पूर्ण भाराखाली."

"देखरेख कोणाची?"

"मी जातीने असतो," विभागप्रमुख म्हणाले. "रोज सकाळी. आंघोळीच्या आधी."

गाइडच्या चेहऱ्यावर रंग परतला. "हे सगळं पुढच्या शोधनिबंधात येतंय, सर. विभागप्रमुख सहलेखक आहेत." ते त्या मिनिटापासून होते.

परीक्षक त्या चार भोकांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी प्रबंध मिटला. "वा! आमच्याकडची पोरं संगणकासमोरून उठत नाहीत, आणि तुम्ही प्रत्यक्ष वापरात उतरवलंत. अभिनंदन, डॉक्टर."

टाळ्या झाल्या. सासूबाईंनी डोळे पुसले. विभागप्रमुखांनी सगळ्यात आधी सही केली, ती कागदाच्या मागूनही वाचता आली असती. नव्या डॉक्टरला क्षणभर स्वतःची लाज वाटली, पण कायमच्या नेमणुकीचा विचार आला आणि ती ओसरली.

परीक्षकांची बॅग विभागप्रमुखांनी स्वतः गाडीपर्यंत नेली. मागून डॉक्टर आले. गाडीत बसताना परीक्षकांनी आवाज खाली घेतला.

"टाकी कितव्या मजल्यावर आहे हो?"

विभागप्रमुखांचा हात बॅगेवर थबकला. "दुसऱ्या, सर."

"चढतं पाणी? नशीबवान आहात. आमच्या लॅबची मोटर पहिल्या मजल्यालाच धाप टाकते." मग ते खिडकीतून डॉक्टरकडे वळले. "पुढच्या महिन्यात आमच्याकडे व्याख्यानाला या, डॉक्टर. आणि येताना पाना-पक्कड घेऊन या."