चिक्कूशेठची साइट आणि बायकोचं टेबल

घरात टेबल एकच होतं आणि त्यावर बायकोचं शिलाई मशीन असायचं. ते खाली उतरवून तिथे आपला कॉम्प्युटर ठेवायचा, एवढाच छोटासा निर्णय चिक्कूशेठनी घेतला आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

चिक्कूशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कचेरीत कारकून. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरायचे आणि टाचणी पडली तर खुर्चीखाली शिरायचे, म्हणून कचेरीनं एकमतानं हे नाव ठेवलं होतं. (त्यांना ती पदवी वाटायची.) त्याच भरात त्यांनी काटकसरीची वेबसाइट काढली.

"लोक साइटवर येणार, बाजूला जाहिराती दिसणार, जाहिरात कंपनी आपल्याला पैसे देणार," त्यांनी बायकोला समजावलं. "पहिल्या कमाईतून तुला नवंकोरं टेबल! तोवर जरा जमिनीवर बसून शिव."

"तोवर म्हणजे कधीवर?"

"अगं, ट्रॅफिक वाढलं की झालं!"

बायको बापडी जमिनीवर बसली. हाताचं मशीन पुढ्यात, गिऱ्हाइकांचे कपडे मांडीवर, कात्री दरवेळी नको तिथे. कंबर धरली की ती "आई गं" म्हणायची आणि चिक्कूशेठ स्क्रीनवरून नजर न काढता "हो हो" म्हणायचे.

साइट मात्र धावू लागली. साबणाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं काय करावं, टूथपेस्टची नळी कापून आणखी चार दिवस कशी काढावी, रिकामं खोकं का टाकू नये, असे एकेक लेख पडत गेले. मग त्यांनी जीव ओतून लिहिलं, 'जाहिरातींना भुलू नका!' आणि लोकांची नुसती झुंबड उडाली. कमाईच्या रकान्यात मात्र भोपळाच. चिक्कूशेठनी पान बंद करून पुन्हा उघडलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, चष्मा पुसला. भोपळा जागचा हलेना.

शेवटी वैतागून त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता.

"भाऊजी, नुसती माणसं येऊन काय उपयोग? कुणी जाहिरातीवर बोट लावलं तर पैसे."

"मग लावत का नाहीत?"

"सगळ्यात जास्त कुठला लेख वाचतात तुमचा?"

"'जाहिरातींना भुलू नका!'" चिक्कूशेठ पुटपुटले.

"जगातले सगळे कंजूष एका जागी गोळा केलेत," मेहुणा म्हणाला, "आणि आता म्हणताय, खरेदी का करत नाहीत!"

तेवढ्यात साइटवर एका वाचकाचा अभिप्राय आला. 'तुमचा लेख वाचून जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळालं. आभारी आहे.'

"फुकटे लेकाचे!" चिक्कूशेठ कडाडले. (स्वतः ते गेली कित्येक वर्षं शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र वाचत होते, पण ते वेगळं.)

आणि एके दिवशी कचेरीत बसल्या बसल्या भोपळा फुटला! रक्कम अर्ध्या कप चहाची होती, पण होती. साहेबांसह सगळ्यांना चहा पाजावा असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तो वेळीच आवरला. पुढचे चार दिवस मात्र स्वारी हवेत होती. कुणीतरी एक भला माणूस जगात आहे, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

पाचव्या दिवशी ते घरी आले तर खिडकीपाशी नवं, लांबरुंद टेबल. त्यावर मशीन आणि मशीनपुढे ताठ कण्यानं बसलेली बायको.

"हे कुठून आलं?"

"कंबरेवर काही फुकटचा उपाय लिहिलाय का बघायला तुमच्या साइटवर गेले. उपाय नव्हता, पण बाजूला टेबलाची जाहिरात होती. लावलं बोट आणि मागवलं. पैसे तुमच्या कार्डातून गेले."

जगातला तो एकमेव भला माणूस कोण, हे चिक्कूशेठना तेव्हा कळलं. नेमका खिशातला फोन वाजला. जाहिरात कंपनीचा निरोप होता. मालकाच्याच घरून जाहिरातीवर बोट लावल्याचं आढळल्यामुळे कमाई रद्द, खातंही बंद.

चिक्कूशेठना बसावंसं वाटलं. त्यांनी जुन्या टेबलाकडे पाहिलं. जुनं टेबल नव्हतंच.

"ते नेलं त्यांनी. जुनं दिलं तर सूट होती. सूट सोडू नये, असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"आणि माझा कॉम्प्युटर?"

बायकोनं कोपऱ्याकडे मान वळवली. नव्या टेबलाचं रिकामं खोकं तिथे पालथं घातलं होतं आणि त्यावर कॉम्प्युटर नीट मांडला होता. चिक्कूशेठनी कंबर धरून त्याच्यासमोर बैठक मारली.

"तोवर जरा जमिनीवर बसा," दोरा ओवत बायको म्हणाली.

"तोवर म्हणजे कधीवर?"

"अहो, ट्रॅफिक वाढलं की झालं!"