मोकळ्या तारांचा कॉर्ड

मुलगी हॉस्टेलला गेली आणि आमच्या घरात बोलायला विषयच उरला नाही. तिचा फोन आला की बायको विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." मग फोन माझ्याकडे यायचा आणि मी विचारायचो, "जेवलीस का?" (दुसरं काही सुचतच नसे.) फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची. शर्टाची बटणं वरखाली लावून ऑफिसला निघालो, तरी ती काही बोलली नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

मुलीचा युकुलेले, म्हणजे चार तारांची ती छोटी गिटार, कपाटावर पडून होता. ठरवलं, एखादा कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे तीन-चार सूर, शिकायचा आणि फोनवर वाजवून दोघींना चकित करायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळ्यात सोपा शोधला. 'ए मायनर सेव्हन.' नाव केवढं भारदस्त, पण डाव्या हाताला कामच नाही! चारही तारा मोकळ्या सोडायच्या आणि अंगठा फिरवायचा. म्हटलं, हा खास माझ्यासाठीच केलेला दिसतोय.

पण आवाज व्हिडिओतल्यासारखा येईना. तारा उतरल्या असतील म्हणून खुंट्या पिळल्या. मग उलट्या पिळल्या. आता ते वाद्य भुकेल्या मांजरासारखं ओरडायला लागलं. शेवटी मी तोंडाने सूर धरून तारा जुळवायला लागलो. बायकोला कळू नये म्हणून हे सगळं बाथरूममध्ये, नळ सोडून.

"अहो, बरं नाहीये का?" बाहेरून आवाज आला.

"छे! मजेत आहे."

"मग कण्हताय कशाला?"

(मी सूर लावत होतो.)

"जमत नाहीये गं! लागेल जरा वेळ."

"डॉक्टरांना बोलावू का?"

"नको, नको! उद्या पुन्हा प्रयत्न करतो!"

दुसऱ्या दिवशी प्रयत्न ऐन रंगात असताना दार धडाधडा वाजलं. उघडलं, तर बायको. आणि तिच्यामागे खांद्यावर बॅग घेतलेली मुलगी, चेहरा पांढराफटक.

"बाबा, काय होतंय तुला? आई फोनवर रडत होती!"

मी उलट्या बादलीवर बसलेलो, मांडीवर युकुलेले. खरं सांगावंच लागलं.

आधी बायको हसली. दाराची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मुलगी. हसत हसतच तिने खुंट्या फिरवून तारा जुळवून दिल्या आणि म्हणाली, "हं, वाजव."

मी अंगठा फिरवला. चारही तारा एका आवाजात बोलल्या.

"छान आहे हो," बायको हळूच म्हणाली. "पुढचं वाजवा ना."

"पुढचं येत नाही."

"बरं, आणि हा डावा हात?"

"तो शिल्लक आहे."

मुलगी दोन दिवस राहिली. तेवढ्यात बायको तिच्याकडून तीन कॉर्ड शिकली, तेही बोटं दाबून. आता रोज संध्याकाळी फोनवर मायलेकींची मैफल असते. इकडून ही वाजवते, तिकडून ती गाते. मी शेजारी बसून फोन धरतो.

परवा मुलगी म्हणाली, "बाबा, तुझ्यासाठी एक आणखी सोपं वाद्य शोधलंय."

"कोणतं गं?" मी सरसावून बसलो.

"टाळ्या."

"नको बाई," बायको म्हणाली, "त्यालाही ताल लागतो. दुसरं काहीतरी बघ."