मोजून पाच माणसं

सुपारी फुटली तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. वेळ कीर्तीला नेमकी ठाऊक होती, कारण कुठलाही प्रयोग करण्याआधी घड्याळ बघायची तिला सवय होती. आपण करतोय तो प्रयोग नसून लग्न आहे, हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

कीर्ती मेलबर्नमध्ये वाढली होती. तिथल्या एका प्रयोगशाळेत, फरशा किती दाबाखाली तडकतात ते मोजायचं तिचं काम. सहा वर्षांनी ती तीन आठवड्यांसाठी केळव्याला रामनाथकाकांच्या वाडीत आली होती. त्या सकाळी बोईसरहून साखरबाई आणि त्यांचा मुलगा ललित 'सहज' आले होते. बोईसरहून केळव्याला सहज येताना कुणी कडक इस्त्रीचा शर्ट घालत नाही, हे खरं तर तिच्या लक्षात यायला हवं होतं.

चहा झाला. साखरबाईंनी पिशवीतून एक अख्खी सुपारी काढून पानाच्या तबकात ठेवली. शेजारी माईकाकीचा पितळी अडकित्ता होताच.

"काका, ही किती कडक असते?" कीर्तीनं विचारलं.

"लय कडक. तुज्याच्यानं फुटायची नाय," काका म्हणाले.

हे वाक्य काकांनी बोलायला नको होतं. कीर्तीनं घड्याळ पाहिलं, सुपारी अडकित्त्यात धरली आणि दोन्ही हातांनी अंगातला सगळा जोर लावला. टक्! सुपारीची दोन शकलं तबकात पडली.

मग साखरबाई उठल्या आणि त्यांनी कीर्तीच्या तोंडात चिमूटभर साखर घातली. हे ताकदीचं बक्षीस असावं, असं तिला वाटलं.

"थँक्यू, मावशी."

"मावशी नाय, आता आई म्हन!"

माईनं पदर डोळ्यांना लावला. काकांनी खुंटीवरची टोपी घेऊन डोक्यावर चढवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला ललित तेवढा चहाच्या रिकाम्या कपात पाहत राहिला.

"झालं काय?" कीर्तीनं विचारलं.

"सुपारी फुटली ना पोरी," माई म्हणाली. "लग्न ठरलं."

"कुणाचं?"

त्यावर सगळे मनापासून हसले. साखरबाई म्हणाल्या, "गंमतशीर हाय हो पोर!"

यानंतरचं सगळं कीर्तीच्या मते कुठल्याही सुसंस्कृत देशात गुन्हा ठरलं असतं. साडेअकराला कुंपणापलीकडची शेजारीण लाडकी येऊन तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून गेली. बाराला मांडववाला अंगणाची मापं घ्यायला आला. तिचे सुकत घातलेले कपडे त्यानं दोरीसकट गुंडाळून माडाच्या बुंध्याशी ठेवले, कारण दोरी मापाच्या मधे येत होती. साडेबाराला माईच्या फोनवर एडवणच्या कुणा आजीचा निरोप आला. तो माईनं सगळ्यांना ऐकवला: "सुपारी फोडायची ती जाणत्यांनी. हितं नवरीनंच फोडली म्हनतात! काय हौस मेलीला!"

"हौस?" कीर्ती ओरडली. "माई, तिला सांग मी कडकपणा बघत होते!"

"सांगते हां," माई म्हणाली आणि फोनमध्ये म्हणाली, "पोरगी म्हनते, तिनं नीट बघूनच फोडली."

एक वाजता मेलबर्नहून बाबांचा फोन आला. त्यांना हुंदका आवरत नव्हता. हेच बाबा ती अठरा वर्षांची झाल्यापासून सांगत आले होते, "निवड तुझी, आमचं काही म्हणणं नाही." फक्त मुलगा आपल्यातला हवा. फक्त शिकलेला हवा. फक्त मेलबर्नला यायला तयार हवा आणि त्याचं गाव बोईसर ते दातिवरे यांच्या मधलं हवं, म्हणजे घराणं माहीत असतं. कीर्तीनं एकदा हिशेब केला होता. उरत होते अकरा. त्यातल्या चौघांची लग्नं झाली होती, तिघे तिचे चुलतभाऊ होते आणि एक नववीत होता.

"बाबा, मला कुणी विचारलंच नाही!"

"अगं, तूच तर फोडलीस," बाबा नाक ओढत म्हणाले. "आणि मी म्हटलंच होतं, निवड तुझी."

संतापानं लाल होऊन ती पोफळींमध्ये जाऊन बसली आणि झरमिनाला फोन लावला. झरमिना मेलबर्नमध्ये तिच्या दोन गल्ल्या पलीकडे वाढलेली पठाण मुलगी. तिचं घर मूळचं पेशावरचं. दोघींच्या वडिलांची भाषा वेगळी होती, पण 'निवड तुझी' हे वाक्य शब्दन्‌शब्द तेच होतं.

"तू सुपारी फोडलीस?" झरमिना किंचाळली. "मूर्ख आहेस का? आमच्याकडे मुलीच्या घरून मिठाईचं ताट गेलं की ठरलं. म्हणून गेल्या वर्षी पेशावरला मी पाहुण्यांना बिस्किटसुद्धा दिलं नाही. एक काका साखरेचा डबा मागत होते, तर तो घेऊन मी न्हाणीघरात जाऊन बसले."

"मग आता मी काय करू?"

"नियम वाच. आपल्या माणसांचे नियम त्यांनाच नीट ठाऊक नसतात."

चारच्या चहाला कीर्ती हातात वही घेऊन ओटीवर आली. जेवून सुस्तावलेले पाहुणे अजून तिथेच होते.

"काका, सुपारी फोडायचा नियम काय आहे? पहिल्यापासून सांगा."

"नियम कसला? पाच मानसं पायजेत. पाचांसमोर फुटली की झालं. मोडता येत नाय."

"आज पाच कोण होते?"

"मोज की," साखरबाई बोटं उघडत म्हणाल्या. "मी. तुजा काका. माई. माजा ललित. आनि तू. झाले पाच."

"म्हणजे मला धरलंत?"

"धरलं."

"मग पाचांतल्या एकीला लग्न मान्य आहे का, हे विचारलं कधी?"

"अगो, नवऱ्यामुलीला कोन इचारतं? ती काय पंचांत असते?"

"मग मला धरायचं नाही."

"नाय धरत."

"मग उरले चार."

साखरबाईंनी बोटांकडे पाहिलं. एक बोट मिटलं, पुन्हा उघडलं आणि परत मिटलं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माईचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात सकाळी ओटीवर कोणकोण होतं ते आठवत होती, पण मांजरापलीकडे तिला कुणी सापडेना.

"धरलंत तर मला विचारायला हवं होतं," कीर्ती म्हणाली, "आणि मी नाही म्हटलं असतं. नाही धरलंत तर पाच होत नाहीत. दोन्हीकडून लग्न ठरत नाही."

"काका, नवरामुलगा पंचांत असतो का?" कोपऱ्यातून आवाज आला. दिवसभरात ललित पहिल्यांदाच बोलला होता.

"तसा... नाय," काका चाचरले.

"मग मलापण काढा. राहिले तीन."

"मेल्या!" साखरबाई म्हणाल्या. पण तीन ते तीनच. काकांनी मांडववाल्याला फोन करायला घेतला.

कीर्ती जिंकली होती. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ती तडातडा पायऱ्या उतरून फाटकाशी गेली. तिथे ललित गाडी वळवायच्या तयारीत होता.

"एवढी घाई?" ती म्हणाली. "मला नकार द्यायला?"

"तू दहा मिनिटं भाषण केलंस. मी एकच वाक्य बोललो."

"माझं कारण वेगळं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं!"

"मला विचारलं होतं असं कुणी सांगितलं तुला? मला आई म्हणाली, चल, केळव्याहून नारळ आणायचेत." त्यानं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे खरोखरच दोन रिकामी पोती होती.

कीर्तीला हसू आलं, ते तिनं दाबलं. अन्याय तिच्या एकटीवरच झाला होता, अशी तिची आतापर्यंत पक्की समजूत होती.

"बाकी," ललित म्हणाला, "किती दाबाला फुटली ती सुपारी?"

"मोजायला काय होतं इथे? नुसता अडकित्ता!"

"आमच्या तारापूरच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या किती दाबाला फुटतात ते बघायचं यंत्र आहे. एक जुनं बाजूला पडलंय. सुपारी पेलेल का, शंका आहे. साहेबांना विचारून ठेवतो. उद्या येशील? नाही म्हणालीस तरी चालेल."

आल्यापासून कीर्तीला कुणीतरी काहीतरी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ती गोंधळली.

"येईन," ती म्हणाली. "पण फुटकी चालणार नाही. अख्खी लागेल. थांब."

ती धावत ओटीवर आली. "माई, एक अख्खी सुपारी दे ना. उद्या ललितबरोबर फोडायची आहे."

काकांनी मांडववाल्याला लावलेला फोन कट केला. साखरबाई उठत होत्या, त्या परत खाली बसल्या.

"शास्त्रीय काम आहे हे!" कीर्ती संतापून म्हणाली. "यंत्रावर फोडणार आहोत!"

"हो गो बाय. कशावर पन फोडा," माई म्हणाली. तिनं डब्यातली सगळ्यांत मोठी सुपारी निवडून कीर्तीच्या हातात दिली आणि कुंपणाकडे वळून हाक मारली, "लाडके! उद्या तू आनि तुजा नवरा मोकळी हाव काय? तारापूरला जायचंय. या येळेला मोजून पाच न्यायचे, ही दोघं सोडून."