एकविसावं घर

वसुंधरा चीनला जाणार ही बातमी खुद्द वसुंधरेला नीट कळायच्या आधी भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्यांच्या अख्ख्या स्ट्रीटला कळली होती. याचं सगळं श्रेय तिच्या आईला, कलावतीबाईंना. ऑफिसात तिचे मालक गुलाबराव एवढंच म्हणाले होते, "आपलं सॉफ्टवेअर चिनी भाषेत चाललं, त ते बसवून द्याले तिकडं तुलेच पाठवीन." वसुंधरेने घरी येऊन हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कलावतीबाईंनी त्यातलं 'चाललं त' तेवढं वगळलं आणि चप्पल पायात सरकवून बाहेर पडल्या.

संध्याकाळपर्यंत यादी तयार! शेजारच्या शीलाताईंना थर्मास हवा होता, समोरच्या ओमप्रकाशजींना सोनेरी टोपणाचा चिनी पेन, आणि कोपऱ्यावरच्या मथुराबाईंना रेशमाची साडी, तीही जांभळी. कलावतीबाईंनी हे सगळं कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवलं आणि मुलीसाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला.

"आई, अजून कायचाच पत्ता नाई ना! प्रोग्राम चालला पायजे पहिले," वसुंधरा कळवळून म्हणाली.

"चालन व! न चालाले काय झालं? पासपोर्ट त आलाच ना!"

पासपोर्ट आला होता हे खरं. तो कलावतीबाईंनी स्ट्रीटमध्ये घरोघरी फिरवूनही आणला होता. आता प्रोग्राम चालला नाही, तर नुसतं चीन हुकणार नव्हतं, या रस्त्यावरून मान वर करून चालणंही मुश्कील होणार होतं. वसुंधरा चोवीस वर्षांची होती, विमान तिने फक्त आभाळातच पाहिलेलं होतं, आणि तिला जायचं होतं. अगदी जीव टाकून जायचं होतं!

हे साल शहाण्णव. सिविक सेंटरच्या बाजारात चपलांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत गुलाबरावांचं 'शुभांक कॉम्प्युटर्स' थाटलेलं होतं. गुलाबराव मूळचे वर्ध्याकडचे. वीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये पेट्या मोजण्यात घालवल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पेट्यांवरच्या लेबलांचं सॉफ्टवेअर काढलं. कोणत्या पेटीत काय माल आहे, तो कुठे जायचा आहे, हे कॉम्प्युटरमध्ये भरायचं की प्रिंटरमधून कर्रकर्र करत लेबल बाहेर. काम चोख होतं. आसपासचे पुष्कळ कारखानदार ते वापरत.

माणूस हुशार, पण एका बाबतीत हट्टी. शुभकार्यात आहेर करताना आपण वर एक ठेवतो ना, एकवीस, एकावन्न, एकशे एक? गुलाबरावांनी तो नियम आयुष्याला लावून घेतला होता. ते चहात साखरही तीनच चमचे घालत. आणि सॉफ्टवेअर लिहिताना त्यांनी लेबलावरच्या प्रत्येक ओळीला अक्षरं बसवायला घरं दिली होती एकवीस. मालाचं वर्णन एकावन्न घरांचं. "शेवटी शून्य आलं का काम तिथंच संपते," असं ते म्हणत. इंग्रजी अक्षर एका घरात एक बसतं, त्यामुळे आठ वर्षांत या शकुनाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मग भिलाईतल्या एका कारखान्याचा माल चीनला गेला. तिथल्या गोदामवाल्यांना पेटीवरचं लेबल आवडलं. हेच आम्हाला चिनी भाषेत द्या, आम्ही विकत घेतो, असं पत्र आलं आणि पत्रामागोमाग एका सोमवारी लिनबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नाकावर चष्मा, इंग्रजी सावकाश पण स्वच्छ. चिनी अक्षरं दाखवणाऱ्या फ्लॉप्या त्यांनी बरोबर आणल्या होत्या. मुक्काम शुक्रवारपर्यंत.

गुलाबरावांनी स्वागताला काही कमी केलं नाही. पांढऱ्याशुभ्र शेवंतीचा हार आणला, फुलं मोजून एकवीस. पेढे दिले अकरा. हार गळ्यात पडताच लिनबाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी गुलाबरावांचा हात दोन्ही हातांत धरला, भिंतीवर गुलाबरावांच्या वडिलांचा चंदनाचा हार घातलेला फोटो होता, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तीनदा वाकल्या.

गुलाबरावांचे डोळे पाणावले. "पाह्य पोरी! याले म्हनते संस्कार!"

वसुंधरा कामाला लागली. लिनबाईंनी तिला समजावलं की चिनी अक्षर ऐसपैस असतं, एकेका अक्षराला दोन घरं लागतात. अर्ध्या दिवसात तिने फ्लॉप्या जोडल्या, लिनबाईंनी आपल्या गोदामाचा लांबलचक पत्ता भरला, आणि प्रिंटर कर्रकर्र करू लागला. पहिली ओळ बाहेर आली. लिनबाईंनी मान डोलावली. अगदी बरोबर! वसुंधरेला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली.

दुसरी ओळ बाहेर आली. लिनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय लिहिलंय?" वसुंधरेने विचारलं.

"लिहिलंय," लिनबाई अडखळत म्हणाल्या, "बदक, मावशी, झाकण, आणि मग एक अक्षर आहे, ते मी शाळेत असतानासुद्धा कधी पाहिलं नव्हतं."

तिसरी ओळ पुन्हा बरोबर. चौथी पुन्हा बदकांच्या वाटेवर. ज्या गोदामाचा पत्ता हवा होता, त्याचा निम्मा पत्ता जागेवर आणि निम्मा भलतीकडेच! असलं लेबल लावलेली पेटी कुठल्या मावशीच्या दारात जाऊन पडली असती कोण जाणे.

मंगळवारी वसुंधरेने फ्लॉप्या तपासल्या, प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. लिनबाईंनी अक्षरं एकेक करून पडताळली. सगळं ठीक, आणि तरी एक ओळ बरोबर, एक ओळ चूक. गुलाबरावांनी आपल्या परीने उपाय केले. प्रिंटरची रिबन बदलली. टेबल फिरवून पूर्वाभिमुख केलं. मग कॉम्प्युटरची पूजा केली, पाच उदबत्त्या लावल्या आणि लिनबाईंना आणखी एकवीस शेवंतीची फुलं वाहिल्यासारखी हातात दिली.

लिनबाई आणखीच उदास झाल्या. दुपारी त्या जेवल्या नाहीत.

"बाईच्या मनातून उतरला आपला प्रोग्राम," गुलाबराव कुजबुजले. "गुरुवारपर्यंत नाई जमलं त चीन कॅन्सल समज."

घरी येताना मथुराबाईंनी फाटकातूनच ओरडून सांगितलं, "वसू, जांभळी नसन त मोरपंखी बी चालन!" ती हो म्हणाली आणि मान खाली घालून सायकल दामटली.

बुधवारी दुपारी कलावतीबाई डबा घेऊन ऑफिसात आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात विणकाम, कारण स्वेटर आता काखेपर्यंत आला होता. वसुंधरेने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कावून व? तोंड कायले पाडून बसली?"

"आई, मै थक गयी! एक ओळ बरोबर येते, एक चूक. फिर एक बरोबर, फिर एक चूक. मले काही समजूनच नाई राह्यलं!"

कलावतीबाईंनी डोळे न उचलता दोन सुलट टाके घातले, दोन उलट घातले, आणि विचारलं, "टाके किती घेतले तू?"

"टाके नाई गं, घरं. एका ओळीत एकवीस."

"आन् वीण कितीची हाये?"

"वीण काय... एक चिनी अक्षर दोन घरं घेते."

कलावतीबाईंनी आता मात्र सुया मांडीवर ठेवल्या. "दोनाची वीण आन् एकवीस टाके? मग शेवटी एक टाका उरन का नाई? तो जाते दुसऱ्या ओळीत, आन् ते ओळ सरकते सारी. पुढं अजून एक उरला का तिसरी ओळ आपोआप जाग्यावर येते. पोरगी इंजिनेर झाली, पन एवढं नाई समजत?"

वसुंधरेने बोटांवर मोजलं. दहा अक्षरं वीस घरांत. अकराव्याचा एक पाय एकविसाव्या घरात, दुसरा पाय खालच्या ओळीत. त्या ओळीतली प्रत्येक जोडी चुकीच्या शेजाऱ्याशी लागत गेलेली! तिने उठून आईला अशी मिठी मारली की सुईवरचे सहा टाके सुटले.

"मेली! टाके गेले ना माहे!" कलावतीबाई ओरडल्या, पण मिठी त्यांनी सोडवून घेतली नाही.

आता राहिलं होतं फक्त एकवीसचे वीस करणं. काम पाच मिनिटांचं. वसुंधरा धावतच गुलाबरावांच्या टेबलापाशी गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

गुलाबरावांनी शांतपणे चष्मा खाली ठेवला. "वीस नाई होत."

"पण भाऊ, प्रॉब्लेम वोही है!"

"पोरी, अठ्ठ्यांशी साली मी पहिल्यांदा वीसच घरं ठेवली होती. त्याच दिवशी लाइट आली जोरात, आन् कॉम्प्युटरमधून धूर निघाला. एकवीस केले, तेव्हापासून एक दिवस दुकान बंद नाई. माह्या हयातीत शेवटी शून्य येनार नाई."

"मग बावीस करू!"

"बावीस कोन देते आहेरात? सांग मले! कोनी दिले आजपर्यंत?"

"आहेर नाई ना हा, लेबल आहे!"

"पह्यलं पान, पह्यली ओळ, पह्यला आकडा, सारं शुभच पायजे!"

आवाज चढले. कलावतीबाई मध्ये पडल्या, तीन आवाज झाले. खालचा चपलांचा दुकानदार जिन्यात येऊन ऐकू लागला. शेवटी आतल्या खोलीतून लिनबाई बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अशा दिवसांत भांडू नये."

"कशा दिवसांत?" वसुंधरेने विचारलं.

लिनबाई संकोचल्या. "मला सोमवारपासून विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. तुमच्याकडे कोण वारलं?"

वसुंधरेने वाक्य मराठीत करून सांगितलं, तसे गुलाबराव ताडकन उभे राहिले. "वारलं? कोन वारलं?"

मग एकेक उलगडत गेलं. लिनबाईंच्या देशात शुभकार्याला सगळं जोडीने देतात, दोन, चार, सहा, आठ. विषम आकडा द्यायचा तो दुःखाच्या घरी. पांढरी शेवंती वाहायची तीही गेलेल्या माणसाला. आणि इथे उतरल्याबरोबर गळ्यात एकवीस पांढऱ्या शेवंती, हातात अकरा पेढे, भिंतीवर हार घातलेला फोटो, दुसऱ्या दिवशी उदबत्त्या! त्यांनी बिचाऱ्यांनी तीन दिवस हसणं वर्ज्य केलं होतं.

"मला वाटलं, वडील नुकतेच गेले," त्या म्हणाल्या. "इतक्या दुःखात तुम्ही माझं काम करताय, म्हणून मी चुकीबद्दलही फार बोलले नाही."

"माहे वडील जाऊन बावीस वर्षं झाले!" गुलाबराव मटकन खुर्चीत बसले. "म्हंजे तीन दिवस मी हे बाईले मयतीचा आहेर करून राहिलो? आन् ते मुकाट्यानं घेऊन राहिली?"

"हाव," कलावतीबाई म्हणाल्या. "आन् आता तिच्या गोदामातल्या एकूणएक पेटीवर एकवीस एकवीस लिहून पाठवा, म्हंजे झालं!"

गुलाबरावांनी दोन्ही कान पकडले. मग खुर्ची पुढे ओढली, वसुंधरेला बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने एकवीसचे वीस केले, एकावन्नचे पन्नास केले. शून्य दाबताना त्यांनी डोळे मिटले होते. सगळ्यांनी लाइटच्या बल्बकडे पाहिलं. बल्ब शांतपणे जळत राहिला.

प्रिंटर सुरू झाला. पहिली ओळ, बरोबर. दुसरी ओळ... लिनबाई वाकल्या, वाचू लागल्या, आणि त्यांच्या तोंडावर सोमवारपासून अडून बसलेलं हसू एकदम फुटलं. बदक नाही, मावशी नाही, पुरता पत्ता, चारही ओळी! वसुंधरा नाचली, चपलांचा दुकानदार कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवू लागला, आणि कलावतीबाई "मी म्हनलं नव्हतं? चालन म्हनून!" असं पाच-सहा वेळा म्हणाल्या. गुलाबरावांनी खालून पेढे मागवले आणि लिनबाईंना मोजून बारा दिले.

दोन महिन्यांनी दुर्ग स्टेशनवर सेक्टर सहाची अर्धी स्ट्रीट जमली होती. वसुंधरा दिल्लीच्या गाडीत बसली, तिथून पुढे विमान. अंगात स्वेटर, बाहेर घाम. गुलाबरावांनी लिनबाईंसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला होता आणि फलाटावर सगळ्यांदेखत लाडू मोजून दाखवले. अठरा, एकोणीस, वीस. बस्स.

"द्या इकडं, दोरी बांधून देते," म्हणून कलावतीबाई डबा घेऊन बाकड्यावर बसल्या आणि बांधून आणला.

शिट्टी झाली. गाडी हलली. गुलाबरावांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी खिशात हात घातला आणि एकदम खिडकीबरोबर धावायला लागले. हातात रुमालात गुंडाळलेला एक लाडू!

"पोरी, हा घे! हा तुह्यासाठी! आत्ताच्या आत्ता खाय! आपल्या इथून एकवीस निघाले पायजे, आन् तिकडं वीस पोचले पायजे!"

वसुंधरेने लाडू घेतला आणि तिथेच तोंडात कोंबला. गुलाबराव थांबले, छातीवर हात ठेवून समाधानाने हसले. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात बेसन होतं आणि डोळ्यांत पाणी. तिने नुसता हात हलवला. मागे कलावतीबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि पुसता पुसता हसतही होत्या.

ते हसू वसुंधरेला जरा खटकलं. गाडीने वेग घेतल्यावर तिने डब्याची दोरी सोडली आणि लाडू मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीसच! वरच्या थरात बरोबर मध्यभागी एक लाडू होता, जरा मोठा, वर मनुका टोचलेला. अशी मनुका अख्ख्या भिलाईत एकटी तिची आईच टोचत असे.

पुढचं मोठं स्टेशन राजनांदगाव, ते यायला अजून थोडा वेळ होता. वसुंधरा घोटभर पाणी प्यायली आणि तिने मनुकेचा लाडू उचलला.