साळवेभाऊंची उन्हाची ताटली

माझी गोधडी धडधडा पेटली होती आणि साळवेभाऊ ओरडत होते, "आक्का, आरशाला हात लावू नका! बोटांचे डाग पडतील!"

असा हा माणूस. पंचवटीत आमच्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. दक्षिणेतल्या एका डोंगरावर सूर्य बघायची भलीमोठी दुर्बीण आहे, तिथे साळवेभाऊ नोकरीला होते. मी चौथी शिकलेली, तरी मला समजेल असं त्यांनी सांगितलं होतं. त्या दुर्बिणीचा आरसा इतकं ऊन गोळा करतो की आतली यंत्रं वितळून जातील. म्हणून ऊन एकवटतं तिथे एक भोक पाडलेली ताटली बसवतात. भोकातून जाईल तेवढं आत, बाकीचं परत बाहेर. ताटली तापू नये म्हणून तिच्या पोटातून गार पाणी फिरवायचं. साळवेभाऊ जन्मभर त्या ताटल्या सांभाळत होते. म्हणजे ऊन फेकून द्यायचा पगार घेत होते!

सवय अंगात मुरली. लग्नात जिलबी वाढायला आले की पानावर आडवा हात, "जास्तीचं बाहेर!" मी जिन्यात सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं की, "आक्का, भोकातून जाईल तेवढंच सांगा."

निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर स्वतःची दुर्बीण उभी केली. आरसा परातीएवढा, ताटलीला गच्चीवरच्या टाकीतून पाण्याची नळी. ताटलीच्या मागून पत्र्याचा पाइप थेट खाली त्यांच्या घरात. पाइपला आतून काळा कागद. मी गच्चीवर चूल मांडून कुरडयांचा चीक शिजवायला बसले की हे हजर.

"आक्का, तुमच्या चुलीच्या वाफेनं सूर्य थरथरतोय!"

"थरथरू दे. इथं माझ्या चिकात गुठळ्या होतायत."

त्यांची बायको शकूताई लकव्याने अंथरुणावर पडून. खोली उत्तरेची, ऊन म्हणून कधी येत नाही. ती तिथे, आणि हे बघावं तेव्हा गच्चीवर. मी तोंडावर सांगितलं, "त्या ताटलीपेक्षा बायकोजवळ बसा." नुसते हसले.

त्या दिवशी टाकी धुवायला माणसं आली. जिन्यात पाटी लावली होती, पण साळवेभाऊ पाटी वाचतील तर शपथ. टाकी रिकामी झाली, नळी कोरडी पडली. ताटली लालभडक! नळी वितळली, ताटली निसटली आणि सगळं ऊन शेजारी वाळत घातलेल्या माझ्या गोधडीवर. पाणी तर थेंबभर नाही. मी चुलीवर चढवायचं राहिलेलं चिकाचं पातेलं उचललं आणि गोधडीवर, आरशावर, साळवेभाऊंवर, सगळ्यांवर ओतलं.

"अहो आक्का, आरसा!"

"घाला चुलीत तो आरसा!"

गोधडी विझली. पण पाइपातून धूर यायला लागला. आतल्या काळ्या कागदाने पेट घेतला होता, जळके तुकडे खाली पडत होते. साळवेभाऊ आरसा सोडून जिन्याकडे वळले. "शकू खाली आहे. तिला हाक मारता येत नाही."

अंगभर चीक घेऊन ते जिना उतरले. मी मागे. खोलीत धूरच धूर. त्यांनी तिला चादरीसकट उचललं आणि बाहेर आणलं. मी आत जाऊन जळता कागद चपलेने विझवला, तेव्हा पलंगालगतची भिंत दिसली. पांढरीशुभ्र, तिच्यावर पेन्सिलीने काढलेला मोठा गोल. गोलात बारीक ठिपके, काही सरळ, काही थरथरत्या हाताचे. रोज सूर्य पाइपातून त्या भिंतीवर उतरत होता आणि ही दोघं मिळून त्याचे डाग टिपत होती.

जिन्यात ती त्यांच्या मांडीवर खोकत होती. जड जिभेने विचारलं, "सूर्य... कुठं गेला?"

"आक्कांनी चिकात बुडवला," ते म्हणाले आणि रडायला लागले. ती मात्र अर्ध्या तोंडाने हसत होती.

शकूताई वाचली. साळवेभाऊ वाचले. मी पण.