मढवी मॅडमच्या उपाशी पोरी

आमच्या मढवी मॅडम काचेच्या बाटल्यांना विचारतात, "जेवल्या का गं?" आणि विचारून उत्तरासाठी थांबतात पण.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला आमची लॅब. बाटल्यांत सदाफुलीच्या पेशी, हलत्या मशिनवर दिवसभर गरागरा फिरतात. दिसायला पातळ पिठलं. मॅडम त्यांना पोरी म्हणतात. मी सगळ्यांचे आवाज काढतो, म्हणून एकदा दारामागून बारीक आवाजात म्हणालो, "जेवलो गं आये!" तर मॅडम म्हणाल्या, "मग आता भांडी घास."

भानगड अशी, की पोटभर खायला मिळतंय तोवर ह्या पोरी नुसत्या वाढतात. एकीच्या दोन, दोघींच्या चार. औषधाचं कडू अल्कलॉइड पाहिजे तर फॉस्फेट, नायट्रोजन तोडायचं आणि नुसत्या साखरपाण्यावर ठेवायचं. वाढ थांबली की तीच साखर कडू बनवायला लागते. मॅडमच्या भाषेत, "घरखर्च थांबला, की मगच कडू सुचतं रं."

एकदा खोपोलीच्या टमटममध्ये बसून त्या मला फोनवर सांगत होत्या, "उद्यापासून पोरींना उपाशी ठेवायचं. रडल्या तरी द्यायचं नाय." ड्रायव्हरने टमटम थेट पोलीस चौकीसमोर उभी केली.

ह्या महिन्यात साहेब सांगून गेले, "ह्या खेपेला कडू निघालं नाही तर ही पेशींची खोली बंद." पाणी बदलून पोरींना साखरपाण्यावर टाकायचा दिवस आला, गेला. मॅडम रोज म्हणायच्या, "उद्या." वर आम्हाला चुकवून फॉस्फेट घालायच्या. पोरी गुटगुटीत, कडूचा पत्ता नाय.

"मॅडम, खोली जाईल."

"माहीत हाय."

"मग?"

त्यांनी एक बाटली उजेडात धरली. "घरी आईला तोंडाने खायला द्यायचं डॉक्टरांनी बंद केलंय. घास अडकतो. नळी घातली तर उपटते. ताट वाजलं की तोंड उघडते रं ती. तिथं नाय म्हणायचं आणि इथं येऊन परत नाय म्हणायचं?"

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली.

"मी बदलतो," माझ्याच आवाजात म्हणालो.

"हळू गाळ. चेपू नको त्यांना."

मी पेशी गाळून साखरपाण्यात सोडल्या. बाहेर पॅसेजमध्ये मॅडम भिंतीकडे तोंड करून बहिणीशी फोनवर बोलत होत्या, "ओल्या कापसाने ओठ पुसलेस का गं तिचे? ... मग परत पूस."