मेमरीत न मावणारी सही

साडेतीन वाजता ऑफिसातल्या प्रिंटरने टायपिस्टबाईंच्या बदलीची ऑर्डर छापायला साफ नकार दिला. कागद एकच, त्यावर मोजून चार ओळी आणि खाली मोठ्या साहेबांची सही. पण प्रिंटर दोनदा घुरघुरला, त्याने लाल दिवा लावला आणि पडद्यावर ‘मेमरी भरली’ असं लिहून तो मोकळा झाला.

ऑफिसातून टाइपरायटर केव्हाच गेले होते, पण बाई टायपिस्टबाईच राहिल्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांचं टेबल त्याच कोपऱ्यात होतं आणि गेली नऊ वर्षं शेजारी हा लेझर प्रिंटर. कागद कुठे अडकलाय, हे त्या नुसत्या आवाजावरून सांगत. गेल्या महिन्यात त्यांनी हेडक्लार्कच्या मसुद्यात लाल पेन्सिलीने सात चुका काढल्या, त्याही सगळ्यांसमोर. तेव्हापासून हेडक्लार्क त्यांना पाण्यात पाहत होते. आता बाईंची रवानगी शहराबाहेरच्या गोदामात होणार होती. जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास, आणि तिथे दिवसभर खोक्यांकडे बघत बसायचं. आशा एकच होती. बदल्यांची मुदत आज पाच वाजता संपत होती. तोवर सहीची ऑर्डर निघाली नाही, तर वर्षभर बाईंना कुणी हलवू शकत नव्हतं.

बाईंनी हळूच नवऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"देव पावला!" नवरा म्हणाला. "आता पाचपर्यंत गप्प बस. प्रिंटरकडे बघूसुद्धा नकोस."

"मी कशाला बघतेय?"

"एकोणीस वर्षं संसार केलाय तुझ्याशी. म्हणून सांगतोय."

इकडे हेडक्लार्कनी मेकॅनिकला बोलावलं. कपाळावर चष्मा चढवून तो आला आणि प्रिंटरची सगळी बटणं दाबून झाल्यावर म्हणाला, "फर्मवेअर जुनं झालंय."

"म्हणजे काय?"

"मशीनच्या आतली अक्कल हो. नवी भरावी लागेल."

नवी अक्कल सदुसष्ट टक्क्यांवर येऊन अडकली. मेकॅनिकने मशीन बंद करून चालू केलं, तर पडद्यावर नुसता एक पाच आकडी नंबर आला. मग त्याने आतलं मेमरी कार्ड काढलं, खोडरबराने घासलं आणि परत बसवलं. आता पडद्यावर आलं, ‘मेमरी सापडत नाही’. मघाशी निदान भरलेली तरी होती.

बाईंनी फाइलीत डोकं खुपसलं होतं. त्यांनी मनातल्या मनात शंभर आकडे म्हटले, उलटे म्हटले. शेवटी राहवलं नाही.

"अहो, कार्ड बसताना खट्ट आवाज आला नाही. अर्धंच बसलंय ते."

मेकॅनिकने दाबलं. खट्ट झालं. नवी अक्कल या खेपेला शंभर टक्के भरली गेली आणि चाचणीचं पान लख्ख बाहेर आलं. बाईंना आपली जीभ चावावीशी वाटली.

हेडक्लार्कनी हात चोळत ऑर्डर पाठवली. घुर्र, घुर्र, लाल दिवा. ‘मेमरी भरली.’

"भंगार आहे हे! उद्याच विकून टाका," हेडक्लार्क ओरडले आणि त्यांनी प्रिंटरच्या झाकणावर थाप मारली.

पाचला वीस मिनिटं होती. बाई उठल्या.

"हात काढा त्याच्यावरचा. भंगार कुणाला म्हणताय?"

त्यांनी रांगेत अडकलेली कामं पुसून टाकली, वायर काढली, तीस आकडे मोजले, वायर लावली. मग वार्षिक अहवाल पाठवला. चाळीस पानं एका दमात आली. ऑर्डर पाठवली, तर पुन्हा लाल दिवा.

"चाळीस पानं खातो आणि चार ओळी खाताना ठसका लागतो? दोष याचा नाही. त्या कागदात काहीतरी आहे."

मेकॅनिकने कॉम्प्युटरवर ऑर्डरची फाइल तपासली आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "अबब! ही त्या अहवालाच्या पन्नासपट जड आहे. आणि सगळं वजन सहीचं!"

सगळ्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं.

"साहेबांनी कालच नवी सही ठरवलीय, लांब शेपटीची," ते चाचरत म्हणाले. "मी ती स्कॅन केली. रंगीत, सगळ्यात वरच्या क्वालिटीत, अख्खं पानभर. मग ओढून लहान केली. साहेबांची सही, ती काय हलक्या क्वालिटीत घ्यायची?"

"दिसायला लहान झाली, आत तेवढीच राहिली," बाई म्हणाल्या. त्यांनी सही पुसली आणि बटण दाबलं. चार सेकंदांत कागद बाहेर आला. सगळ्या ऑफिसाने टाळ्या वाजवल्या, मेकॅनिकनेसुद्धा. बाईंना इतका आनंद झाला की हातातला कागद कसला आहे, हे त्यांना तो अर्धा वाचल्यावर कळलं.

टाळ्या ऐकून मोठे साहेब केबिनबाहेर आले. पाचला आठ मिनिटं होती. हेडक्लार्कनी बाईंच्या हातातून कागद जवळजवळ ओढलाच.

"साहेब, आज जरा हातानेच सही करता का? एवढीच राहिलीय."

साहेबांनी पेन उघडलं. गेली तीन वर्षं त्यांची सही कॉम्प्युटरच करत होता. त्यामुळे सही कुठे करायची ते शोधायला त्यांना कागद वाचावा लागला.

"ही बदली कुणी केली?"

"आपणच, साहेब."

"मी? बरं, आत्ता मशीन कुणी चालू केलं?"

"बाईंनी," मेकॅनिक म्हणाला.

"आणि गोदामात कोण निघालंय?"

साहेबांनी पेन बंद करून खिशाला लावलं आणि कागदाचे सरळ दोन तुकडे केले.

"तीन वर्षांत माझ्या सहीने गेलेली सगळी पत्रं छापून आणा. मी वाचणार आहे."

हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं.

पाच वाजून एक मिनिटाने नवऱ्याचा फोन आला. "बसलीस ना गप्प?"

"बसले की."

"शाब्बास! आणि मागे हा धडधड आवाज कसला?"

"प्रिंटरचा," बाई म्हणाल्या. "हेडक्लार्क छापतायत. तू जेवून घे, त्यांना कागद भरता येत नाही."